बिऱ्हाड पाण्यावर, शाळा काठावर

माणसाला झोपायला किती जागा लागते? १८७७ साली ब्रिटिश पार्लमेंटने कालव्यांवरच्या बोटींसाठी कायदा केला आणि त्याखालच्या नियमांत या प्रश्नाचं उत्तर घनफुटांत लिहून टाकलं. १२ वर्षांवरच्या माणसाला ६० घनफूट, त्याखालच्या मुलाला ४०. साठ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच असा खोका. इंग्लंडच्या कालव्यांवर त्या काळी हजारो माणसं या मापात संसार करत होती. पण त्यांच्या घरांची खरी अडचण जागेची नव्हतीच. घर हलतं होतं, आणि हलत्या घराचं काय करायचं हे सरकारी वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. दीडशे वर्षं होत आली तरी ते नीट लिहिलं गेलेलं नाही.

आज या बोटी टीव्हीवर फार देखण्या दिसतात. टिमथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स या नटनटी दांपत्याची ‘ग्रेट कॅनाल जर्नीज’ ही चॅनल फोरवरची मालिका २०१४ पासून कित्येकांनी आवडीने पाहिली. रंगवलेली नॅरोबोट, छतावर फुलांच्या कुंड्या, ताशी चार मैलांच्या आतला वेग, काठावर बदकं. आठवडाभरासाठी बोट भाड्याने घेणाऱ्यांची तिथे कमतरता नाही. सुट्टी म्हणून हे छानच आहे. मात्र बोट हेच ज्यांचं घर होतं आणि आहे, त्यांची गोष्ट सांगायला गेलं की कुंड्या बाजूला ठेवाव्या लागतात.

ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने वर्सलीच्या आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा खणवला. १७६१ साली त्यावरून बोटी जाऊ लागल्या आणि मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग काय, कालव्यांचं पेवच फुटलं. ब्रिजवॉटरसाठी काम केलेल्या जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने पुढे मध्य इंग्लंडातल्या कालव्यांची लॉक जेमतेम सात फूट रुंदीची ठेवली. पाणी कमी लागावं, बांधकाम स्वस्तात व्हावं, हा हिशेब. त्या सात फुटांनी पुढच्या दोनशे वर्षांच्या संसारांची रुंदी ठरवून टाकली. लांबी सत्तर फुटांपर्यंत मिळे, पण ती मालासाठी. एक घोडा काठावरून दोर ओढत चाले आणि मागे पंचवीस टनांपर्यंत कोळसा, दगड नाहीतर धान्य पाण्यावरून सरकत येई. माणसांच्या वाट्याला बोटीच्या शेपटाकडची दहा फूट लांबीची केबिन.

सुरुवातीला बोटीवर बहुतेक पुरुषच असत. बायकामुलं गावात, घरात. काही कुटुंबं आधीपासून पाण्यावर होती, पण ती रीत पडली रेल्वेमुळे. १८३० आणि ४०च्या दशकांत रूळ पसरले तसे कालवा कंपन्यांना वाहतुकीचे दर पाडावे लागले आणि ती झळ नावाड्याच्या मजुरीपर्यंत आली. हाताखालचा पगारी गडी परवडेना. त्याच्या जागी बायको आली, घरभाडं वाचलं आणि मुलं वाढतील तसे बिनपगारी हात वाढत गेले. मजुरी टनावर, आणि ती सगळी कप्तानाच्या, म्हणजे बापाच्या हातात. कागदावर एक माणूस कामाला, प्रत्यक्षात पाच.

ती केबिन मात्र बघण्यासारखी. मागच्या दारातून खाली उतरलं की डाव्या हाताला लोखंडी शेगडी, तिच्यावर कायम किटली. शेगडीच्या पुढे कपाट; त्याचं दार खाली पाडलं की तेच जेवणाचं टेबल. उजवीकडे बाक, रात्री मुलांचा पलंग. अगदी आत आडवं फळकूट, ते सोडलं की नवराबायकोचं अंथरूण, आणि त्यापुढे हाताने विणलेल्या जाळीचा पडदा. भिंतीवर काठाला जाळीची नक्षी असलेल्या बशा आणि पितळी गोळे. दारांवर, पाण्याच्या डब्यांवर, जमेल तिथे गुलाब आणि किल्ले रंगवलेले. या रंगकामाला ‘रोझेस अँड कासल्स’ म्हणतात आणि त्याची सुरुवात कुठून झाली यावर तिथे आजही वाद घालतात. पिण्याचं पाणी छतावरच्या डब्यांत. ते स्वयंपाकाला, चहाला आणि तोंड धुवायलाही पुरवायचं. बाकी धुणंभांडं कालव्याच्या पाण्यात. पलीकडे दहा पावलांवर कोळशाचा ढीग आणि अलीकडे हे पितळ चकचकीत, याचं श्रेय अर्थातच बायकांचं. त्याच बायका दिवसभर सुकाणूही धरत.

चालायला लागलेलं मूल पाण्यात पडू नये म्हणून त्याला केबिनच्या छतावर, धुराड्याजवळ पट्ट्याने बांधून ठेवत. जरा मोठं झालं की घोड्याबरोबर काठाने चालायचं. पुढच्या काळात सायकल आली तेव्हा बोटीच्या आधी लॉकवर पोचून ते तयार ठेवायचं काम पोराकडे. त्याला ‘लॉक-व्हीलिंग’ म्हणत. लॉक म्हणजे चढउतारावर बोट वर-खाली करणारा दारांचा हौद. लोखंडी विंडलास, म्हणजे फिरवायचा दांडा, दातेचक्राच्या आसावर बसवून झडप उचलायची, सुमारे लाखभर लिटर पाणी आत घ्यायचं किंवा सोडायचं, पातळी जुळली की पाठ लावून दार रेटायचं. जड काम आहे. हात निसटला तर विंडलास उलट फिरून हाड मोडू शकतं. नॉर्दम्प्टनशरमधल्या ब्लिसवर्थच्या पावणेतीन किलोमीटर बोगद्यात काठची वाटच नव्हती. घोडा सोडून डोंगरावरून न्यायचा, बऱ्याचदा तेही मुलांनीच. आणि आत अंधारात दोन माणसं फळीवर आडवी होऊन भिंतीवर पाय चालवत बोट पुढे ढकलायची.

या मुलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ही गोष्ट चव्हाट्यावर आणली जॉर्ज स्मिथ यांनी. कोलव्हिलचे हे गृहस्थ स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेले. वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी १८७१ साली कायदा करवून घेतल्यावर ते कालव्यांकडे वळले. १८७५ सालचं त्यांचं ‘अवर कॅनाल पॉप्युलेशन’ हे पुस्तक म्हणजे संतापाचा लोट होता: दारू, घाण, अडाणीपण, गर्दी. स्मिथ तळमळीचे खरे, पण त्यांनी रंग भडक भरले. बोटीवरच्या माणसांचा त्यांनी सांगितलेला लाखाचा आकडा फुगवलेला होता आणि केबिनी सरसकट गलिच्छ नव्हत्या, असं हॅरी हॅन्सन यांच्यासारख्या इतिहासकारांनी पुढे कागदपत्रांवरून दाखवलं. भलं करायला निघालेला माणूस ज्यांचं भलं करायचं त्यांनाच आधी बदनाम करतो, हा प्रकार काही इंग्लंडपुरता नाही.

तरी स्मिथ यांच्या रेट्याने १८७७चा तो कायदा झाला. प्रत्येक राहत्या बोटीला नोंदणी क्रमांक मिळाला, निरीक्षक आले. नवराबायकोच्या केबिनमध्ये १२ वर्षांवरची मुलगी किंवा १४ वर्षांवरचा मुलगा झोपू नये, असाही नियम झाला. त्याने स्वच्छता आणि गर्दीत फरक पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. घोडं अडलं शाळेपाशी. बोटीची नोंदणी ज्या गावी, तिथलीच मुलं, असं कायद्याने धरलं. म्हणजे हजेरीची जबाबदारी एका गावच्या शाळामंडळाची आणि मूल त्या गावात वर्षातून चार-दोन दिवस. १८८४ साली कायदा पुन्हा कडक केला, तरी गाडी तिथेच. आज एका शाळेत अर्धा दिवस, परवा पंचवीस मैलांवर दुसऱ्या शाळेत सकाळचा तास. वर्गात कोळशाने माखलेलं अनोळखी पोर बघून शेवटच्या बाकावर बसवायचं, दुपारी ते निघून जाणार हे मास्तरांनाही ठाऊक. नेमाने माल पोचवला तर मजुरी, मुलांसाठी थांबलं तर नुकसान, हा आईबापांसमोरचा सरळ व्यवहार होता. कायदा त्या व्यवहाराला हात लावायला तयार नव्हता. टनावरची मजुरी तशीच ठेवून हजेरी मागत होता.

पुढे सरकारी विचार उलट टोकाला गेला. पहिल्या महायुद्धानंतर नेमलेल्या समितीने शाळेच्या दिवसांत मुलांनी बोटीवर राहूच नये, असं सुचवलं. कामगार नेते आणि खासदार हॅरी गॉस्लिंग यांनी १९२९च्या सुमारास त्या धर्तीचं विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. बरंच झालं म्हणायचं. मुलं काढून घेतली तर आई त्यांच्यामागे काठावर जाणार, आई गेली की बोट चालणार नाही, हे कोणत्याही बोटवालीने एका वाक्यात सांगितलं असतं.

चाललं ते निराळंच. ब्लिसवर्थ बोगद्याजवळच्या स्टोक ब्रुअर्न गावात, लॉकच्या माथ्यावर मेरी वॉर्ड नावाची परिचारिका राहत असे. सगळे तिला सिस्टर मेरी म्हणत. बोट लॉकमध्ये शिरली की आजारी मूल, भाजलेला हात, दिवस भरत आलेली बाई थेट तिच्या दारात. पत्ता कुठला, कुठल्या भागात नोंद आहे, हे प्रश्न नाहीत. कित्येक वर्षं तिने हे काम केलं, १९५१ साली तिला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. लंडनजवळ वेस्ट ड्रेटनला एका जुन्या बोटीतच शाळा भरत असे. माल उतरेपर्यंत मुलं तिथे बसत. बर्मिंगहॅमच्या एर्डिंग्टन भागात बोटीवरच्या मुलांसाठी वसतिगृह निघालं. तिथे राहून मुलं शिकली, पण आईबाप महिनोनमहिने दिसायचे नाहीत, हा त्याचा दुसरा भाग. या तिन्हींत पहिल्या दोन सोयी लोकांच्या वाटेवर उभ्या होत्या, म्हणून त्यांनी त्या आपल्या मानल्या.

दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा शिकलेल्या शहरी मुलींना बोटी चालवायला शिकवलं गेलं. छातीवरच्या बिल्ल्यावर ‘इनलँड वॉटरवेज’ची ‘आय. डब्ल्यू.’ ही आद्याक्षरं, म्हणून त्यांना चेष्टेने ‘आयडल वुमन’ म्हणजे आळशी बायका म्हणत. त्यांच्यापैकी एमा स्मिथ हिने १९४८ साली त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. ज्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बोटवाल्यांकडून या मुली काम शिकल्या, त्यांच्यापैकी बहुतेकींना ते पुस्तक वाचता आलं नसतं. साक्षरतेची दोन टोकं एकाच लॉकमध्ये शेजारी उभी होती आणि दोर कुठल्या क्षणी सोडायचा हे फक्त एकीला कळत होतं.

त्यानंतर हा संसार फार टिकला नाही. १९४८ साली बहुतेक कालवे सरकारी झाले, लॉरीने माल पळवला, १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि सरकारी ताफ्याने बहुतेक मालवाहतूक बंद केली. अ‍ॅथरस्टोनहून लंडनजवळच्या साउथॉलच्या जॅम कारखान्याला कोळसा नेण्याचं काम तेवढं उरलं होतं. बोटवाले त्या कारखान्याला ‘जॅम होल’ म्हणत. १९७० साली तेही संपलं. कालवे वाचले ते निराळ्या लोकांमुळे. टॉम रोल्ट हा इंजिनिअर १९३९ साली बायकोसह ‘क्रेसी’ नावाच्या बोटीवर राहायला गेला, त्याचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ साली आलं आणि १९४६ साली कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. बोटवाल्यांचं जगणं आधी की कालव्यांचं पर्यटन आधी, या ओढाताणीत रोल्टलाच १९५१ साली त्या संघटनेतून बाहेर पडावं लागलं. कालवे राहिले, बोटवाले गेले.

आणि आता लोक पुन्हा बोटीवर राहायला आले आहेत. काही हौसेने, पुष्कळ जण घरांच्या किमतींमुळे. लंडन, ब्रिस्टल, बाथ इथलं भाडं ज्यांना झेपत नाही ते जुनी नॅरोबोट घेतात, छतावर सोलर पॅनल लावतात, शेगडीत कोळसा घालतात, शौचालयाची कॅसेट आठवड्याला ठरलेल्या जागी रिकामी करून आणतात. ज्यांच्याकडे बोट बांधायची कायमची जागा नाही, त्यांना १९९५ सालच्या कायद्याने एक अट आहे: बोट खऱ्या अर्थाने प्रवासात असली पाहिजे आणि वाजवी कारणाशिवाय एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था सांभाळते. तेवढ्याच पट्ट्यात पुढे-मागे करत राहणं तिला मान्य नाही. वर्षभरात कापलेली पट्टी पुरेशी लांब असायला हवी, नाहीतर परवान्याच्या नूतनीकरणात अडचण. एप्रिल २०२४ पासून अशा फिरत्या बोटींच्या परवान्यावर जादा अधिभारही सुरू झाला आहे.

आता या नियमात सहा वर्षांचं मूल बसवून बघा. शाळा एका गावात, रोज सकाळी पावणेनऊला. घर दर पंधरवड्याला पुढच्या मुक्कामाला. पहिल्या आठवड्यात शाळा चालत, मग सायकलवर, मग बस बदलून. ट्रस्टची बाजूही ऐकायला हवी. काठाची जागा सगळ्यांची आहे, बोटी वाढल्या, शहरांजवळ दोन-दोन ओळींत बांधलेल्या असतात, दुरुस्तीला पैसा कमी पडतो. कोणी हलायचंच नाही म्हटलं तर येणाऱ्याने थांबायचं कुठे? हे सगळं रास्त. पण एका कायद्याने पालकाला हलायला लावायचं आणि दुसऱ्याने हजेरी कमी पडली म्हणून दंड करायचा, यात रास्त काही नाही.

गंमत अशी की ब्रिटिश कायद्याला फिरतं माणूस अजिबात कळत नाही असं नाही. १९४४च्या शिक्षण कायद्यात सवलत होती: ज्याच्या धंद्यालाच गावोगाव फिरावं लागतं आणि ज्याला कायमचं घर नाही, त्याच्या मुलाची वर्षाला अर्ध्या दिवसाच्या २०० हजेऱ्या भरल्या तर पालक दोषी नाही. १९९६च्या कायद्यातही ती तरतूद आली. पण धंद्यासाठी फिरणाऱ्याला. आजची बोटवाली आई दवाखान्यात नाहीतर दुकानात नोकरी करते. ती फिरते ते परवान्यासाठी. सवलतीच्या दारात ती उभीच राहू शकत नाही. मतदानाला मात्र सोय आहे: कायमचा पत्ता नसेल तर आपला कोणत्या भागाशी संबंध आहे, हे लिहून देऊन यादीत नाव घालता येतं. मत घ्यायचं असलं की पत्त्याचा पेच सुटतो.

मराठी वाचकाला हे सगळं ऐकून ऊसतोडीची आठवण न होणं कठीण आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून निघालेली कुटुंबं पुढचे पाच-सहा महिने कारखान्यांच्या फडांवर असतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल अंगावर असते, मजुरी टनावर आणि मुलं बरोबर. बोटवाल्या कुटुंबाचा हिशेब याच घडणीचा होता. आपणही तेच उपाय करून पाहिले: साखरशाळा म्हणजे वाटेवरची शाळा, हंगामी वसतिगृह म्हणजे मुलाला मागे ठेवणं, आणि शिक्षण हमी कार्ड म्हणजे या शाळेतून त्या शाळेत जाताना हातात कागद. यातला कागद सगळ्यात स्वस्त, म्हणून तोच सगळ्यात आधी सुचतो. मजुरांच्या कोप्यांजवळ शाळा आणि शिकवणारा माणूस नेणं महाग पडतं. स्टोक ब्रुअर्नच्या त्या परिचारिकेचं काम आठवलं तर कोणत्या खर्चाला फळ येतं हे दिसतं.

इंग्लंडात निदान एक उपाय हाताशी पडलेला आहे, नवा कायदाही नको. हाच ट्रस्ट हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पैसे घेऊन ठरावीक जागी मुक्काम करू देतो. थंडीत बोट हलवणं अवघड, हे त्याला पटतं. मग शाळेचं सत्र चालू असताना, शाळेत नाव घातल्याचा दाखला बघून, मध्यम भाड्यात तशीच जागा द्यायला काय हरकत आहे? सत्र संपलं की बोट हलवायची, उन्हाळ्याच्या सुट्टीत हवं तितकं फिरायचं. केनेट अँड एव्हन कालव्यावरचे पालक शाळेच्या वेळापत्रकाचा विचार करा असं म्हणत आले आहेत. बोटी किती, मुलं किती, कोणत्या शाळांत, हे परवान्याच्या अर्जात दोन ओळी वाढवून एका वर्षात मोजता येईल. गर्दीच्या ठिकाणी जागा कमी पडल्या तर लहान मुलं असलेल्यांना आधी आणि हौशी प्रवाशांना नंतर, एवढा क्रम लावण्याचं धाडस मात्र करावं लागेल, आणि परवान्याच्या रकमेत सगळ्यात मोठा वाटा भरणारे लोक त्यावर नाराज होतील.